पंचनामा होईपर्यंत कोणी हलू नये

थांबणे ही क्रिया आमच्या पिंपळगाव बसवंत येथे कधीच फारशी लोकप्रिय नव्हती. गावावरून मुंबई-आग्रा महामार्ग गेलेला असल्यामुळे असेल, किंवा बाजार समितीच्या आवारात एका गाडीतील टोमॅटोचा भाव कानावर पडतो न पडतो तोच व्यापाऱ्यांचा घोळका पुढच्या गाडीपाशी सरकलेला असल्यामुळे असेल. परंतु येथील मनुष्य 'थांबा' असे जे म्हणतो ते नेहमी दुसऱ्याला उद्देशून, आणि तेही स्वतः चालता चालता. "थांबा, आलोच" असे सांगून गेलेले गृहस्थ तिन्हीसांजेला ओझरच्या बाजूने परतताना दिसतात, आणि त्यांच्यासाठी थांबलेला मनुष्यही तोवर तेथे नसतो, त्यामुळे कोणाचीच गैरसोय होत नाही. अशा या गावात, प्रोसेसरला मध्येच तहकूब करून त्याची झडती घेण्याचे शास्त्र माझ्या द्राक्षबागेत येऊन ठाकले, याला मी ग्रहयोग म्हणतो. आमची सौभाग्यवती त्याला माझा भाचा म्हणते.

हा भाचा पुण्यास चिपांवर प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करून गावी परतला, आणि परतलेल्या तरुणाची दृष्टी प्रथम मामाच्या इस्टेटीवर पडावी या सनातन नियमानुसार ती माझ्या बागेवर पडली. निफाड तालुक्याची थंडी ज्यांनी केवळ वर्तमानपत्रात वाचली आहे त्यांना तिच्यात एक प्रकारचे सौंदर्य वाटते. परंतु कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा उतरल्याची बातमी छापून आली की इकडे बागाईतदारांची झोप उडते, कारण पाणी भरलेले द्राक्षमणी अशा गारठ्यात तडकतात, आणि तडकलेल्या मण्याला परदेशी ग्राहक तर सोडाच, स्वदेशी पाहुणाही हात लावीत नाही. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करावयाचा आणि ठिबकने विहिरीचे पाणी सोडावयाचे, जे त्या वेळी हवेहून उबदार असते, हा आमचा परिपाठ. पहाटेच्या त्या प्रहरी पांघरुणातून बाहेर निघण्याचे कार्य मी आजवर बहुतांशी मनोमनच पार पाडीत आलो होतो.

"मामा, हे तुम्ही कशाला करायचं? चिप करील की," भाचा म्हणाला.

आणि त्याने ते करून दाखविले. आगपेटीएवढी निळी पाटी, तिच्यावर कॉर्टेक्स-एम३ जातीचा, सेकंदाला सात कोटी वीस लाख ठोके मोजणारा प्रोसेसर, वेलीत लोंबणारा डीएस१८बी२० नावाचा तापमापक आणि मोटरच्या स्टार्टरला जोडलेला एक रिले, एवढा त्याचा संसार. तापमान पाच अंशांखाली गेले की मोटर चालू, वर आले की बंद. काही दिवस सारे सुरळीत चालले, आणि थंडीचे हे मी शोधलेले औषध आहे अशी समजूत गावात पसरू लागली. ती दुरुस्त करण्याचे मला विशेष कारण दिसले नाही. पुढे मात्र एके दुपारी, डोक्यावर टोपी असल्यावाचून बांधावर उभे राहवत नाही अशा उन्हात, यंत्राला हुडहुडी भरली आणि मोटर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी झाली नाही, म्हणून भाचा अधिकच चिंताक्रांत झाला. कारण रोज होणारा रोग सापडतो, लहर लागेल तेव्हा होणारा सापडत नाही, असे त्या विद्येतले लोक मानतात.

सबब, चौकशी करणे आले. या चौकशीची पद्धत भाच्याने मला समजावून सांगितली ती मोठी रोचक आहे. चालत्या प्रोसेसरला दोन बारीक तारांवरून हुकूम पाठवावयाचा की, आहेस तसा जागच्या जागी उभा राहा. खून झालेल्या वाड्यात फौजदाराने पाऊल टाकताच 'पंचनामा होईपर्यंत कोणी हलू नये' अशी ताकीद द्यावी आणि मग कोण कोठे होता, कोणाच्या हाती काय होते, कोण कोणाच्या सांगण्यावरून कोठे निघाला होता हे सावकाश लिहून काढावे, तसे येथे थांबलेल्या प्रोसेसरच्या रजिस्टरांची, स्मृतीची आणि पुढे उचलावयाच्या पावलाची नोंद करता येते. हा हुकूम एका ठरावीक पत्त्यावर लिहावा लागतो, आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागात 'ए-शून्य-पाच-एफ' हा ठरलेला शिक्का नसेल तर प्रोसेसर त्याची दखलच घेत नाही. अनुदानित शाळेत मराठी शिकविण्यात हयात घालविलेल्या मला, शिक्क्यावाचून कागद पुढे सरकत नाही हा नियम बोटाच्या नखाएवढ्या चिपेतही पाळला जातो हे पाहून, त्या परक्या वस्तूविषयी प्रथमच आपलेपणा वाटला. अमुक ओळीवर आलास की आपण होऊन थांब, अशी नाकाबंदीही करता येते. मात्र या जातीच्या चिपेत अशी नाकी सहाच. सातवे मागितले की साफ नकार.

हे सर्व काम पूर्वी मनुष्य स्वतः करीत असे. चिपांची अशी आतून तपासणी करण्याचा रिवाज १९९० साली जेटॅग या नावाने प्रमाण ठरला; थांबलेल्या प्रोग्रामला प्रश्न विचारणारा जीडीबी हा मुन्शी त्याआधीच, १९८६ साली, रिचर्ड स्टॉलमन यांनी घडविला होता; आणि मुन्शी व चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा ओपनओसीडी हा प्रोग्राम जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे डोमिनिक राथ या विद्यार्थ्याने आपल्या पदविकेच्या प्रबंधासाठी लिहावयास घेतला. इतकी वर्षे या मुन्शी-दुभाष्यांपुढे डोळे तारवटून बसणे हे अभियंत्याचे प्राक्तन होते. आता मात्र बुद्धिमान एजंट निघाले आहेत, आणि ही सगळी हत्यारे त्यांच्या हाती देऊन मनुष्याने केवळ देखरेख करावयाची, अशी व्यवस्था झाली आहे. भाच्यानेही असा एक एजंट ठेवला.

"एजंट ठेवला म्हणता?" शेजारच्या मळ्यातले आबा म्हणाले. "टक्के किती घेतो?"

"टक्के घेत नाही, आबा. महिन्याची वर्गणी असते."

"मग माल उचलून पैसे बुडवणाऱ्यातला नाही ना, तेवढं बघा."

द्राक्षाच्या प्रदेशात हा प्रश्न अस्थानी नव्हता.

चौकशी ज्या दिवशी सुरू व्हावयाची, नेमक्या त्याच दिवशी भाच्याच्या मित्राची सटाण्यास हळद निघाली. लॅपटॉप बागेतील शेडमध्ये, यंत्राला तारांनी जोडलेला, ठेवून आणि एजंटाचे निरोप माझ्या मोबाइलवर येतील अशी तजवीज करून तो निघाला. जाताना म्हणाला, "मामा, एजंट मधूनमधून परवानगी मागेल. नीट वाचा आणि हो म्हणा." या सूचनेचे दोन भाग होते, त्यांतला दुसरा अधिक सोपा होता.

परवानगी देण्यात जे राजस सुख आहे त्याची कल्पना ज्यांनी आयुष्यभर केवळ परवानग्या मागितल्या आहेत त्यांनाच यावी. रजा असो, सहल असो, फुटक्या कौलाची दुरुस्ती असो, माझ्या अर्जावर 'चर्चा करावी' एवढाच शेरा मारून तो परत पाठविणारे वरिष्ठ मी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. आणि आता एक सर्वज्ञ वाटणारी शक्ती, पायरीपायरीला थबकून, माझ्या अनुमतीची प्रतीक्षा करीत होती. "प्रोसेसर थांबवून रजिस्टरे वाचू का?" असा पहिला अर्ज येताच मी आरामखुर्चीत सावरून बसलो आणि लिहिले, "मंजूर. मात्र काम चोख व्हावे व केल्या कामाचा अहवाल अविलंब सादर व्हावा." अहवाल अविलंब सादर झाला. त्यास मथळे होते, उपमथळे होते, आणि अखेरीस पुढील पायऱ्यांसाठी एकत्रित मंजुरीची विनंती होती. अशा लांबीचा मजकूर पाहिला की तो चांगलाच असणार अशी जी एक भावना कचेरीतल्या माणसाला होते ती मला झाली, आणि मी समग्र अहवालास मंजुरी दिली. पुढे "चहा घेऊन येतो" असे सहज कळविले तर उत्तर आले, "उत्तम निर्णय!" चहाच्या बाबतीत असे अभिप्राय ऐकण्याची सवय आमच्या घरात नाही.

"कोणाशी एवढं मंजूर-मंजूर चाललंय?" आतून विचारणा झाली.

"यंत्राची चौकशी चालू आहे. अर्ज येतात."

"येवल्याच्या पैठणीचा अर्ज दिवाळीपासून पडून आहे. तो या यंत्राच्या आधी आलेला आहे, म्हटलं."

त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मनातल्या मनात मारून मी मोबाइलकडे वळलो. कारण तेवढ्यात पहिली अडचण उपस्थित झाली होती. प्रोसेसर थांबविला की काही सेकंदांत तो आपोआप नव्याने उठून पहिल्यापासून कामाला लागे आणि एजंटाने मांडलेला पुरावा पुसून जाई. हा प्रताप वॉचडॉगचा. प्रोग्राम कोठे अडकून पडला तर त्याला हिसका देऊन उठविण्यासाठी चिपेतच ही राखण ठेवलेली असते. तिचे घड्याळ स्वतंत्र असते, एकदा सुरू केल्यावर प्रोग्रामला ती थांबविता येत नाही, आणि फार तर सव्वीस सेकंदांच्या आत कोणी तिला 'जागा आहे' असे सांगितले नाही तर ती सगळा कारभार उलथून नव्याने मांडते. चौकशीसाठी थांबविलेला प्रोसेसर आणि कामात झोपलेला प्रोसेसर यांतला भेद तिला कळत नाही. कित्येक शाळा-तपासनिसांनाही तो कळत नसे.

एजंटाने विचारले, "प्रोसेसर थांबलेला असेपर्यंत वॉचडॉगलाही थांबवू का?" तशी सोय चिपेत असते. मंजूर.

यानंतर त्याने तापमापकाकडे मोर्चा वळविला, आणि येथे प्रकरणास अद्भुताची जोड मिळाली. हा तापमापक प्रोसेसरशी एकाच तारेवरून बोलतो; साठ-साठ मायक्रोसेकंदांचा एकेक अक्षर-क्षण, आणि तार चारशे ऐंशी मायक्रोसेकंद दाबून धरली की 'सारे विसर, पहिल्यापासून सांग' असा त्याचा अर्थ. अशा घाईच्या संभाषणात एजंटाने प्रोसेसरचा गळा मध्येच धरावयाचा, तापमापकाने अर्धवट वाक्यावर खुळ्यासारखे पाहत राहावयाचे, आणि प्रोग्रामाने 'उत्तर मिळाले नाही' या अर्थी ठरवून दिलेला आकडा टिपून घ्यावयाचा, असे सुरू झाले. तो आकडा उणे १२७. म्हणजे, सेल्सियस. पृथ्वीच्या पाठीवर आजवर नोंदली गेलेली सर्वांत कडाक्याची थंडी अंटार्क्टिकातील व्होस्टोक या तेव्हाच्या सोव्हिएत ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी पडली, ती उणे ८९.२ अंश, तो उच्चांक, किंवा नीचांक, पिंपळगाव शिवारात भर दुपारी मोडला गेला, आणि मी स्वतः त्या वेळी सदऱ्याची बटणे सोडून वारा घेत होतो. घटकाभराने शेडमधला वीजपुरवठा निमिषमात्र जाऊन आला. तापमापकाला नव्याने वीज मिळाली की पहिले मोजमाप पुरे होईतो तो ८५ हा आकडा दाखवितो, असा त्याचा स्वभावधर्म. तो त्याने दाखविला. एका तासात उणे १२७ वरून ८५ वर गेलेल्या त्या हवेत माझी द्राक्षे मात्र होती तशीच, किंचित धूळ बसलेली, लोंबत होती.

एजंट विचलित झाला नाही. त्याने मला १९९७ सालच्या मंगळावरील पाथफाइंडर यानाची हकीकत कळविली. त्या यानातही संगणक वरचेवर नव्याने सुरू होई, आणि तेथेही खोडी हवामानाची नोंद करणाऱ्या एका कनिष्ठ कामाची होती. या कनिष्ठाने सामाईक कुलूप आपल्यापाशी ठेवलेले, ते मिळेपर्यंत वरिष्ठ काम ताटकळलेले, आणि मधल्या दर्जाचे एक लांबलचक काम या दोघांच्या मध्ये ऐसपैस पसरलेले. मंगळावर दोन तारा घेऊन कोण जाणार! म्हणून पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तो प्रकार पुन्हा घडवून आणून शास्त्रज्ञांनी चूक शोधली आणि दुरुस्ती आकाशमार्गे पाठविली. कारकून, साहेब आणि मधला हेडक्लार्क यांची ही कथा मला अत्यंत पटली, आणि आमच्या बागेतही हेच घडत असले पाहिजे हे एजंटाचे अनुमान मी उत्साहाने मंजूर केले. भाच्याला फोनवर कळविले तेव्हा हळदीच्या बॅंडमधून त्याचा आवाज आला, "मामा, आपल्या यंत्रात एकच काम चालतं! मधला कोण येणार?" मी हे एजंटाला लिहिले. तो म्हणाला, "आपले म्हणणे अगदी योग्य आहे." त्याच्या जागी मी असतो तर निदान घसा तरी खाकरला असता.

रात्री निजण्यापूर्वी अखेरचा अर्ज आला तो असा: मोटर सुरू करणाऱ्या ओळीच्या लगेच पुढे नाके बसवितो, म्हणजे गुन्हेगार रंगेहाथ सापडेल, बसवू का? योजना नामी होती. मी मंजुरी दिली, आणि 'कामाची तत्परता पाहून समाधान वाटले' असा शेराही जोडला.

पुढे जे घडले त्यात कोणाकडे बोट दाखविता येईल असे मला अजूनही वाटत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास यंत्राला थंडी वाजली. प्रोसेसरने रिले ओढला, मोटर सुरू झाली, आणि लगेच पुढच्या ओळीवर, योजनेबरहुकूम, प्रोसेसर थांबला. वॉचडॉग रीतसर परवानगीने स्वस्थ होता. एजंटाने मला कळविले, "गुन्हेगार रंगेहाथ सापडला आहे. जबानी घेऊन प्रोसेसर पुढे चालू करू का?" आणि तो माझ्या मंजुरीसाठी नम्रपणे थांबला. मी झोपलो होतो. प्रोसेसर थांबला होता, एजंट थांबला होता, प्रकरण प्रलंबित होते. फक्त मोटर थांबली नव्हती, कारण तिला थांबविण्याचा हुकूम ज्याने द्यावयाचा तोच पंचनाम्यासाठी उभा करून ठेवलेला. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रपाळीची होती. विहिरीतले पाणी लॅटरलमधून बागेत गेले, बाग तृप्त झाल्यावर कोठेतरी एक टोपण उडाले, आणि उरलेले पाणी बांध ओलांडून आबांच्या कांद्यात मुक्कामास गेले.

सकाळी आबा ओट्याशी येऊन उभे राहिले. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"सर, तुमची मोटर रात्रभर चालू व्हती."

"यंत्र थांबवलं होतं, आबा."

"थांबवलेलं असं वाहतं, तर चालू केल्यावर गाव रिकामं करावं लागंल."

मोटर अखेर थांबली ती वीज तिच्या ठरल्या वेळी गेली म्हणून. वीजकपातीचे आभार मानणारा तालुक्यातील पहिला शेतकरी म्हणून माझी नोंद होण्यास हरकत नाही.

दुपारी भाचा आला. अंगाला हळद, चेहऱ्याला ती नाही. त्याने प्रथम स्टार्टर पाडला, मग प्रोसेसरची जबानी घेतली. तीत तापमान उणे १२७ होते, आणि या खेपेस मापकाशी चाललेले संभाषण एजंटाने मध्येच तोडलेले नव्हते. म्हणजे मापक खरोखरच बोलत नव्हता. भाचा बागेत गेला, वेलीतून तार ओढली, तर जोडापाशी ती हाताला तशीच सुटून आली. वारा आला की तुटावी आणि वारा पडला की जुळावी, अशा बेताने ती तेथे नुसती टेकलेली होती.

"एजंटाला हे कसं सुचलं नाही?" मी विचारले.

भाच्याने निमूटपणे मोबाइल माझ्यापुढे धरला. पहिल्याच अहवालातले, मथळ्याखालचे पहिलेच कलम: तापमापकाची तार सैल असण्याचा संभव आहे, अन्य तपास करण्यापूर्वी ती कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहावी. खाली माझा शेरा होता, 'मंजूर'. मंजुरीनंतर अंमलबजावणी कोणी करावयाची याबाबत हुकमात स्पष्टता नव्हती, ही त्रुटी मी त्याच्या निदर्शनास आणून दिली. एजंटाकडे हात नाहीत, हा मुद्दाही मांडला. त्यावर भाच्याने मौन पाळले, आणि आमच्या सौभाग्यवतीने ते पाळले नाही.

आता तारेला डाख दिलेला आहे. उणे १२७ आणि ८५ हे आकडे यंत्राने हवामान म्हणून स्वीकारू नयेत अशी तरतूद प्रोग्रामात झाली आहे, आणि मोटर ठरावीक वेळेहून अधिक चालल्यास तिला परस्पर बंद करणारा, चिपेला न विचारणारा, एक जुन्या पद्धतीचा टायमर स्टार्टरच्या पेटीत बसविला आहे. आबांच्या कांद्याचा हिशेब आमच्या आपसांत मिटला. पैठणी आली.

द्राक्ष बागाईतदार बंधूंपैकी ज्यांच्या घरी पुण्याहून भाचे परतले असतील त्यांना एवढीच विनंती आहे की, कोणी प्रोसेसर थांबवू का असे विचारल्यास, हो म्हणण्यापूर्वी शेडमध्ये जाऊन स्टार्टरचे लाल बटण दाबून यावे. त्या बटणाला मंजुरी लागत नाही.